एका धाग्याची परीक्षा

धाकटा कापडाच्या लॅबमध्ये कामाला लागला आणि घरातल्या कपड्यांची काही धडगत राहिली नाही. दिसेल त्याचा धागा उपसायचा, लायटरवर धरायचा आणि निकाल द्यायचा. काकांच्या लोकरी मफलरला अ‍ॅक्रिलिक ठरवल्यापासून काका त्याच्याशी बोलत नव्हते.

आज त्यानं आईची रेशमी शाल काढली. बाबांनी दिलेली, ते गेल्यावरही तिनं जिवापाड जपलेली.

"अरे मेल्या, तिला नको!" आई धावेपर्यंत धागा पेटलाही होता. खऱ्या रेशमाची राख झाली असती. याचा वितळून काळा, टणक मणी झाला.

"पॉलिएस्टर!" तो खिदळला. "दुकानदारानं बाबांना चक्क गंडवलं की गं!"

आईनं शाल त्याच्या हातातून काढून घेतली.


"दुकानदारानं नाही रे. त्यांनी दोन घेतल्या होत्या, एक खरी, एक नकली. इतकी वर्षं मी समजत होते, नकली त्या बाईला दिली."