पितळी खिट्टी

मार्चमध्ये आमच्या सौनातल्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीतल्या, भट्टीच्या दाराची खिट्टी तुटली आणि खोलीत धूर कोंडू लागला. दुकानात नवी मिळत होती, पण माझा नवरा तार्मो म्हणाला, "विकत कशाला? घरीच बनवतो!" आणि त्याने धातू कापणारं छोटं सीएनसी मशीन आणलं.

मशीन थरथरलं की माप चुकतं, म्हणून त्याने ते जाड फळ्यांवर आठ बोल्टांनी आवळलं. आवळताना पाना मोडला. पहिली खिट्टी लहान झाली, दुसरी मोठी, तिसरीने मशीनच बिघडवलं. मग दोन महिने तो मशीनचेच सुटे भाग बनवत होता.

फिनलंडमध्ये शनिवारी सौना न घेणाऱ्याकडे लोक आजारी माणसासारखं बघतात. आठ महिने आम्ही टॉवेल घेऊन शेजारी जातोय. शेजारीण आता दार उघडताना हसत नाही.

काल माझ्या बाबांची सत्तरी होती. ते टॉवेल खांद्यावर टाकूनच आले.

"काय जावईबापू, आज घाम निघणार की पुढच्या जन्मी?"

तार्मोने चकचकीत खिट्टी पुढे केली. बाबांनी ती भिंगातून पाहिली आणि चक्क त्याची पाठ थोपटली.

"शाब्बास! चल, भट्टी पेटवू."

तार्मो सौनाच्या दारात आडवा उभा राहिला.



"बाबा, आधी आतल्या बाकावरून मशीन सोडवावं लागेल, आणि त्या बोल्टांचा पाना मशीनवर अर्धाच कापून झालाय."