गिरजाबाई उठेनात

गिरजाबाई काही उठेनात.

चहा झाला, चिवडा झाला, बोलायचं ते बोलून झालं. आत देव्हाऱ्यापुढे मुलीच्या आईनं, पुष्पाबाईंनी, पाट मांडून ठेवला होता. रीत सोपी होती. मुलगी पसंत असली की मुलाच्या आईनं आपणहून उठायचं, आत देवाजवळ यायचं आणि मुलीला कुंकू लावायचं. पसंत नसली की बसल्या जागी दुसरा चहा मागायचा. तोंडानं ‘नाही’ म्हणायची वेळ कुणावरच येत नसे.

खुशबू दाराशी उभी होती. तुमसरच्या ज्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, तिच्यासमोरच गिरजाबाईंच्या मुलाच्या, वीरेंद्रच्या घरची राईस मिल होती. दोघांचं कधीच जमलं होतं. फक्त घरच्यांचा होकार राहिला होता, म्हणून हा रीतसर कार्यक्रम. आता एवढं एक उठणं बाकी होतं.

श्यामरावांनी बायकोला हळूच खुणावलं. “उठा ना आता.”

“गरमी होऊन राहिली. बसू द्या जरा.”

“गरमी होते तर पंख्याखाली या.”

“नाही, इथंच बरं हाय.” गिरजाबाई भिंतीला आणखी चिकटल्या.

त्या एरवी नऊवारीत मिलवर उभ्या राहून धानाचा भाव ठरवणाऱ्या बाई. आज मात्र पिस्ता रंगाचा, मोठ्या नावाच्या दुकानातला कुर्ता घालून आल्या होत्या. वर जाळीची पातळ ओढणी. त्या थाटात त्या अशा ताठ बसल्या होत्या की पुष्पाबाईंना आपल्या घराच्या भिंतीसुद्धा एकाएकी जुन्या वाटू लागल्या.

“पाणी मिळंल का?” गिरजाबाईंनी विचारलं.

सगळे गोंधळले. दुसऱ्या चहाचा अर्थ गावाला ठाऊक होता. पाण्याचा कुणालाच नव्हता.

स्वयंपाकघरात खुशबूचे वडील टेकचंद बायकोवर तडकले. “नसंल उठत तर नको उठू दे! आपली पोरगी काय रस्त्यावर पडली हाय?”

“हळू बोला, बाप्पा. ऐकू जाते.”

“जाऊ दे ऐकू! चहा ठेव. आपणच पाजू अन् वाटेला लावू.”

खुशबूनं तांब्या-पेला उचलला आणि बाहेर गेली. पाणी देताना गिरजाबाईंनी एकदम तिचं मनगट धरलं, तिला खाली ओढलं आणि कानाशी कुजबुजल्या, “बाई, सुई-दोरा हाय का वं घरी?”

खुशबूनं त्यांच्या खांद्यामागे पाहिलं. मानेपासून खालपर्यंत कुर्त्याची पाठ दोन फाकांत उघडी पडली होती. गिरजाबाईंच्या मुठीत लांबलचक धाग्याचं गुंडाळं होतं.

ती सरळ झाली. “बाबा,” तिनं हाक मारली, “पाव्हण्यांना आपला गोठा दाखवा ना.”

टेकचंदांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला ऊन लागलं असावं. पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? ते श्यामरावांना घेऊन निघाले. वीरेंद्र रेंगाळला.

“तुम्हीपण,” खुशबू म्हणाली. “गाई छान आहेत.”

घरात पिस्ता रंगाचा दोरा कुठला असणार! हिरवा होता. अंगावरचं कापड शिवताना दातांत काडी धरायची असते, म्हणून पुष्पाबाईंनी झाडूची एक काडी मोडून धुऊन आणली आणि गिरजाबाईंच्या हातात दिली. काडी तोंडात जायच्या आधी गिरजाबाईंनी मन मोकळं केलं.

“रितानं, माह्या पोरीनं, आणला नागपुरातून. म्हणे बडा ब्रँड हाय, आई, साडी नको नेसू. मागच्या साली याच दुकानातला होता, तो अजून धड हाय. औंदा भाव दुप्पट, अन् शिवण पाहा, धानाच्या पोत्याची!”

खुशबूनं पाहिलं. खरंच, तीच साखळीची शिवण. एक टोक सापडलं की पोत्याचं तोंड सर्रकन उघडतं, तशी. कडेला कापडही जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं सोडलेलं. ती जरा आत सरकून, प्रत्येक टाका उलटा फिरवून घट्ट घालू लागली. तिच्या हातांना काम मिळालं, पण जिवाला नाही. पाठ झाकली की गिरजाबाई उठणार, हे नक्की होतं. उठून देवाकडे वळतील की दाराकडे, ते नव्हतं.

“काकू, धागा ओढलाच काहून पण?”

“अं अं,” गिरजाबाई काडीआडून म्हणाल्या.

शेवटची गाठ पडली. खुशबूनं दोरा दातानं तोडला. गिरजाबाई उठल्या. हात मागे नेऊन त्यांनी शिवण चाचपली. त्या दाराकडे वळल्या, आणि पुष्पाबाईंचा हात तोंडावर गेला. पण काडी तोंडातून काढून त्यांनी दारातून फक्त हाक मारली: “अजी, या ना आत! किती गाई पाह्यता?”

मग त्या तरातरा देव्हाऱ्याशी गेल्या, खुशबूला पाटावर बसवलं आणि तिच्या कपाळावर असं ठसठशीत कुंकू टेकवलं की थोडं नाकावरही सांडलं. गोठ्यातून धावत आलेला वीरेंद्र उंबऱ्याशी थबकला. टेकचंद बायकोकडे, बायको टेकचंदांकडे पाहत राहिली.

“मंग धागा ओढू ओढू कायचा विचार करून राहिल्या होत्या, बाई?” पुष्पाबाईंनी न राहवून विचारलं.

“कायचा विचार? पोती उघडू उघडू हाताले सवयच लागली, धागा दिसला का ओढते.” गिरजाबाईंनी खुशबूची हनुवटी उचलली. “हे चहा घेऊन आली ना, तवापासून हिलेच पाहून राहिली होती मी. हात काय करते, तिकडं कोणाचं ध्यान!”