गहाळ नाही, चोरी

“एक पुस्तक कमी आहे,” ग्रंथपाल जगन्नाथराव म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा कपाटात डोकं घातलं.

म्हैसूरच्या त्या छोट्या मराठी वाचनालयात वर्षातून एका रविवारी पुस्तकं मोजतात. दर वर्षी सगळी भरतात, कारण ती कुणी नेतच नाही. कपाटाला एकदा कुलूप लावलं होतं, तर कुलूप चोरीला गेलं.

“कुठलं?” शंभूरावांनी विचारलं. ते मोजायला मदत करत होते, म्हणजे खुर्चीवर बसले होते.

“तुमचंच. ‘शेवग्याची शेंग आणि मी’.”

शंभूराव उभे राहिले. रेशीम कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात बोलतात त्या मराठीत, निम्म्या कन्नडसकट, कविता लिहिल्या होत्या. संग्रह गावातल्या प्रत्येक मराठी घरी त्यांनी स्वतः नेऊन दिला. सहा वर्षांत ‘वाचला’ असं कुणी म्हणालं नव्हतं. दोघांनी तर तो त्यांनाच, त्यांच्या पंचाहत्तरीला, भेट दिला होता.

जगन्नाथरावांनी नोंदवहीत लिहायला घेतलं : गहाळ.

“गहाळ नाही. चोरी लिहा.”

“कोण चोरणार हो ते? उंदरानं नेलं असेल.”

“एवढ्या पुस्तकांतून त्यानं माझंच काढलं? मग तसं लिहा. रसिक उंदीर.”

“चाळीस वर्षांत इथून एक पुस्तक चोरीला गेलं नाही, शंभूराव. माझ्या वहीत डाग नको. सुम्ने, गप्प बसा.”

“गहाळ म्हणजे कुणाला नको होतं. चोरी म्हणजे हवं होतं. सहा वर्षांनी मला एक माणूस मिळतोय, आणि तुम्ही त्याचा उंदीर करताय.”

तेवढ्यात मानाजीरावांची सून वनजा दारात आली. हातात पुस्तक होतं.

“सॉरी काका, न विचारता नेलं. नोंद कुठं करायची, मला गोत्तिल्ला, ठाऊकच नव्हतं. इथून कुणी पुस्तक नेताना मी बघितलंच नाही.”

“पण तुमच्या घरी मी दिलंय,” शंभूराव म्हणाले.

“ते फ्रिजखाली आहे. काढलं तर फ्रिज हलतो.”

“म्हणजे हे चोरलंस?” शंभूरावांनी आशेनं विचारलं.

“हौदु, चोरलं,” वनजानं मान खाली घातली.

“परत आलं ना? विषय संपला,” म्हणत जगन्नाथरावांनी ‘गहाळ’वर काट मारली आणि वही मिटली.

शंभूराव हळूच खुर्चीत बसले.

“सगळं नाही आलं,” वनजा म्हणाली. “एक पान सासूबाईंनी फाडून घेतलं. मी भांडले त्यांच्याशी. म्हणाल्या, हे माझी आई बोलायची तसंच आहे, हे मी द्यायची नाही. काय करायचं ते करा.”



शंभूरावांनी पुस्तक उघडलं. फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग ते तसंच उघडं जगन्नाथरावांच्या पुढ्यात ठेवलं, वही उघडली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

जगन्नाथरावांनी चष्मा पुसला. लिहिलं : चोरी. एक कविता.

“खाली जागा सोडा,” शंभूराव म्हणाले. “अजून साठ आहेत.”