आमच्यात असले काही नसते

“घराण्यात पूर्वी कोणाला नैराश्याचा त्रास?” डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरून नजर न उचलता विचारले.

“आमच्यात असले काही नसते,” माझा मुलगा म्हणाला. तीन आठवडे तो कामावर गेला नव्हता, धड जेवला नव्हता. औषध नको म्हणून याच वाक्यावर तो अडून बसला होता, आणि हे वाक्य त्याला मीच शिकवलेले होते.

“खोडा ते,” मी म्हणाले. “याची आई, असे लिहा. याच्या जन्मानंतर आठ महिने मी अंथरूण सोडले नव्हते. गावाला आम्ही विषमज्वर सांगितला.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “मग बऱ्या कशा झालात?”

“थोरल्या जाऊबाई रोज हाताला धरून नदीवर नेत. धुणे त्या धूत, मी नुसती पायरीवर बसे. डॉक्टरकडे मात्र कोणी नेले नाही, म्हणून इतके महिने गेले.”

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. “हे कधी सांगितलं नाहीस, आई.”

“अभिमान आडवा आला. चूक माझी. आता या देतील त्या गोळ्या तू घेशील, आणि सकाळी सहाला मी तुला फिरायला नेईन.”

“तुझे गुडघे?”

“त्यांना मी बजावीन.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली चिठ्ठी त्याने घडी करून खिशात ठेवली. “सहा म्हणजे फार लवकर,” तो म्हणाला. “साडेसहा ठरव.”

वेळेच्या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. त्या दिवशी ऐकले.