पुनरुक्तीचा दोष

अंगणात पसरलेल्या जुन्या चादरीवर पेट्रोलवर चालणारी करवत सुट्या भागांत पडली होती, आणि भाषांतरकाराला नेमकं ते पत्र आठवलं. उत्तर न दिलेलं. त्यात एकच ओळ होती : ‘आपण स्वतः ही करवत कधी जोडून पाहिली आहे का?’ खाली कुणा सुताराची सही आणि पत्ता. पाकिटावर ‘माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यास’ एवढंच. पुस्तिकेचं मराठी भाषांतर त्याचं, म्हणून कंपनीने ते तसंच त्याच्याकडे पाठवून दिलं होतं.

‘हो’ लिहावं तर खोटं, ‘नाही’ लिहावं तर लाज. म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही. आणि त्यानंतर भाषांतराचं एकही काम घेतलं नाही. ज्याला स्क्रू सरळ बसवता येत नाही त्याने जगाला यंत्रं शिकवू नयेत, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. डोळे थकले, असं ताईला सांगितलं.

ताई त्याची मोठी बहीण. जन्मभर नर्स होती. डॉक्टरही तिला वचकून असत. वादळात मागच्या फाटकावर झाड आडवं झालं. लाकूडतोड्या दोन दिवस नुसता ‘येतो, येतो’ म्हणत राहिला. तेव्हा ताईने अवजारांच्या दुकानातून करवतच भाड्याने आणली. पेटीतून पुस्तिका निघाली. भाषांतरकाराने मुखपृष्ठ ओळखलं आणि मान खाली घातली.

“मी वाचते, तू जोड,” ताई म्हणाली. “डोळे थकलेत ना तुझे? हात तर थकले नाहीत.”

त्याने जाड हातमोजे चढवले. चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी बसवली. दात वरच्या कडेला टोकाकडे बघतायत ना, हे पाहून चेन पट्टीभोवती घातली. झाकण लावलं, नट हातानेच आवळले.

“‘साखळी हाताने ओढून पाहावी,’” ताईने ठणठणीत आवाजात वाचलं, “‘ती सहज फिरली पाहिजे.’ साखळी म्हणे! दागिना आहे का तो? ओढ.”

त्याने ओढली. चेन जागची हलली नाही.

“घट्ट झाली असेल. सैल कर जरा.”

त्याने सैल केली. ढिम्म. आणखी सैल केली. आता चेन ढगळ लेंग्याच्या नाडीसारखी लोंबायला लागली, पण फिरायचं नाव घेईना. त्याच्या कपाळावर घाम आला. आपल्याच हातांचा दोष, दुसरं काय, असं त्याला वाटलं.

ताईने पुस्तिका मांडीवर आपटली. “कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे? त्याला धरून आण इथे. त्यालाच ओढायला लावते.”

“तोच ओढतोय, ताई,” भाषांतरकार म्हणाला.

ताईने चष्मा काढला. पुस्तिकेकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि ती अशी हसत सुटली की पायरीचा आधार घेऊन तिला खालीच बसावं लागलं. “अरे गधड्या,” ती डोळे पुसत म्हणाली, “मग मला कशाला वाचायला लावलंस? तुला तर पाठ असेल!”

पाठ होतीच. मूळ पुस्तिकाही पाठ होती. आणि तिथेच त्याची मान वर झाली. मूळ पुस्तिकेत एक सूचना पुन्हा पुन्हा यायची : चेन बसवण्याआधी ब्रेक सोडला आहे ना पाहा. ताणण्याआधी ब्रेक सोडला आहे ना पाहा. फिरवून पाहण्याआधी पुन्हा तेच. या इंजिनिअर लोकांना भाषेचा कान म्हणून नसतो, असं म्हणत त्याने त्या ओळींवर लाल रेघ मारली होती आणि समासात ऐटीत लिहिलं होतं, ‘पुनरुक्ती’. सूचना त्याने एकदाच ठेवली होती. शेवटच्या प्रकरणात, जिथे वाक्याला लय येत होती.

पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा पुढे ढकललेला होता. दुकानदाराने शहाणपणाने ब्रेक लावूनच मशीन हातात दिलं होतं. भाषांतरकाराने तो दांडा मुठीकडे ओढला. खट्. चेन पुन्हा ताणून पट्टीच्या खालच्या कडेला चिकटेपर्यंत आणली, आणि ओढली. ती सुळकन फिरली.

“त्याने मला टोमणा मारलाच नव्हता,” तो एकदम म्हणाला.

“कुणी?”

“सुताराने. तोही असाच चेन ओढत बसला असणार. अडला होता बिचारा. मदत मागत होता.”

मग ताईने सगळं पत्रप्रकरण काढून घेतलं. रोग्याच्या पायातला काटा काढावा तसं. तोवर त्याने पट्टीचं टोक उचलून धरत नट पान्याने आवळले, चेनचं तेल भरलं, हेल्मेट आणि गॉगल घातला. ब्रेक लावला. करवत जमिनीवर टेकवली, मागच्या मुठीत बूट घालून ती दाबून धरली आणि दोरी ओढली. करवत खोकली, शिंकली, गरजली. ताई लांब पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्याने ब्रेक सोडला आणि दोन्ही हातांनी मुठी घट्ट धरून पहिला काप घेतला. भुसा बुटांवर उडाला. लाकडाचा ओंडका धप्पकन पडला. त्याला स्वतःच्याच हातांचा हेवा वाटला.

दुपारी तो पोस्टकार्ड घेऊन बसला.

“आता लिहितोस?” ताई म्हणाली. “त्याने केव्हाच ब्रेक सोडला असेल.”

“असेल. पण प्रश्न मला विचारला होता.”

त्याने लिहिलं : ‘आजवर नाही. आज सकाळी जोडली. चूक माझी आहे. चेन बसवण्याआधी ब्रेक सोडा. ताणण्याआधी ब्रेक सोडा. फिरवून पाहण्याआधी ब्रेक सोडा.’

त्याने कार्ड पुन्हा वाचलं. लाल पेन खिशातच होतं. त्याकडे हात जाण्याआधी तो धावत कोपऱ्यावर गेला आणि त्याने कार्ड पेटीत टाकलं.