पुढे चाललेली दोघं

दिशा आणि विनेश बोलत बोलत पुढे निघून गेले, आणि नीराबाईंच्या मनासारखं झालं. त्या मुद्दाम सावकाश चालू लागल्या. पोरांना मोकळेपणी बोलू द्यावं.

शेजारून विनेशचे वडील चालत होते. तुळशीराम. मुरुड डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर, साठीचे पण ताठ, हातात काठी. फणसाडच्या जंगलात फिरायला ते नेहमी येतात, असं दिशाने आधीच सांगितलं होतं.

दिशा आणखीही बरंच बोलली होती. "मुरुडला एक स्थळ आहे, आई. विनेश माझ्याच ऑफिसातला. पण घरी बसून पोहे खायचा कार्यक्रम नको. नुसतं फिरायला जाऊ, तू माणसं बघून घे. आणि लग्नाचा शब्द काढायचा नाही. शप्पथ घे."

नीराबाईंनी शप्पथ घेतली. दिशाला बंगळूरची मोठी नोकरी चालून आली होती, आणि आईला पालीच्या घरात एकटीला सोडून जायला तिचा पाय निघत नव्हता. नवरा गेल्यावर नीराबाईंनी एकटीने तिला वाढवलं. आता पोरीची वाट आपल्यामुळेच अडली आहे, हे त्यांना सलत होतं. तिने जवळच मुरुडला संसार थाटला तर प्रश्नच मिटणार होता. मुलगा तर दिसायला नीटस होता, बोलायला नम्र.

"थांबा," तुळशीराम एकदम हळू आवाजात म्हणाले. "वर बघा. त्या फांदीवर."

तांबूस अंगाचा शेकरू फांदीवर पोट टेकून पडला होता. त्याची झुबकेदार शेपटी खाली लोंबत होती.

"अगो बाई! केवढी ती शेपटी!"

"आज तुमच्यासाठी थांबलाय तो. मला बघितलं की पळतो."

शेकरूने एक झेप घेतली, मध्ये नुसती हवा, आणि तो पलीकडच्या झाडावर. नीराबाईंनी छातीवर हात ठेवला. काय जनावर देवाने घडवलंय!

पुढे गारंबीचा वेल लागला. माणसाच्या मांडीएवढा जाड, या झाडावरून त्या झाडावर चढत गेलेला. एके ठिकाणी त्याचा झोपाळाच झाला होता.

"बसा की," तुळशीराम म्हणाले. "मोडत न्हाय."

"या वयात?"

"मग कुठल्या वयात?"

नीराबाई बसल्या. वेल हलला, त्यांचे पाय जमिनीवरून सुटले आणि त्या खळखळून हसल्या. पुढच्या वळणावर दिशाने मागे वळून पाहिलं आणि विनेशच्या कानाशी काहीतरी बोलली. नीराबाई लगेच उतरल्या, पदर सारखा केला. होणाऱ्या सासऱ्याशी आईचं जमतंय का, हे पोरगी बघत असणार.

मग त्यांना आपल्या कामाची आठवण झाली. शप्पथ लग्नाच्या शब्दाची होती, चौकशीची नव्हती.

"घरात जेवणाचं कोण बघतं?"

"मीच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कालवण बरं जमतं. भाकरी काय अजून गोल होत न्हाय."

"आन् विनेश?"

"तो अलिबागला असतो. त्याचं बेस चाललंय. मुरुडला मी एकटाच. तिन्हीसांजेला टीव्ही लावून ठेवतो. बघत न्हाय काही. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच."

पालीला नीराबाई रेडिओ लावून ठेवत.

शेवटचा चढ सुट्या जांभ्या दगडांचा होता. मध्यावर त्यांचा पाय घसरला. त्या तिथेच खाली बसल्या. तुळशीरामांनी हात पुढे केला नाही. काठीचं एक टोक पुढे केलं.

"धरा. घाई न्हाय. मी हाय इथं."

काठीच्या आधाराने त्या वर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

समोर सगळा माळ उघडा पडला होता. कंबरेएवढं पिवळं गवत वाऱ्याबरोबर लवत होतं, उठत होतं. कुठलातरी एवढासा पक्षी सरळ आभाळात चढत गात होता. आणि पश्चिमेला, झाडांच्या माथ्यांपलीकडे, समुद्राची चकाकती पट्टी. आजवर अंगणवाडीतली नोकरी आणि घर, घर आणि अंगणवाडी. एवढं मोठं आभाळ त्यांनी कधी पाहिलं होतं, आठवेना.

"पाऊस सरला की हा सगळा माळ फुलतो," तुळशीराम म्हणाले. "तेव्हा या."

"येईन की," नीराबाई म्हणाल्या. 'येऊ' न म्हणता 'येईन' असं आपण का म्हणालो, याचं त्यांना उतरताना नवल वाटलं.

सगळे खाली फाटकाशी आले, तेव्हा एक तरुण बाई स्कूटरवरून डबा घेऊन आली होती. विनेशने तिच्या हातातला डबा घेतला.

"मावशी, ही प्रणाली. माझी बायको."

नीराबाईंची कानशिलं तापली. तुळशीराम सुनेशी हसत बोलत झाडाखाली सतरंजी पसरायला गेले. नीराबाईंनी दिशाला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"लग्न झालेला बाप्या? आन् मला तू हे दाखवायला आणलंस? तुला काही लाज हाय का न्हाय?"

दिशाने मान खाली घातली नाही. तिने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी बंगळूरला जाईन, आई. पण आधी खरं सांग. तुला विनेशचे बाबा कसे वाटले?"