बंद झडप

"तेवीस! अगं, तेवीस!" विभागप्रमुख सर तिसऱ्यांदा म्हणाले आणि आकडा पळून जाईल की काय, अशा धास्तीनं पडद्यावर बोट ठेवून उभे राहिले.

पोलादी निर्वात टाकीत त्यांच्या एकेकाळच्या विद्यार्थिनीचं, आता विभागातल्याच संशोधिकेचं, वाटीएवढं इंजिन चालू होतं. वायूचा प्लाझ्मा करून तो मागे फेकायचा आणि उपग्रह पुढे ढकलायचा, एवढंच त्याचं काम. रेटा तेवीस मिलिन्यूटन, म्हणजे अर्ध्या कागदाच्या वजनाइतका. उपग्रहावर जागा मिळायला वीस पुरत होता. निवड समिती वरच्या मजल्यावर येऊन बसली होती. तिची मुलगी रांगत होती तेव्हापासून ती या इंजिनामागे होती. आता मुलगी तिच्यापेक्षा उंच झाली होती. या वेळी जागा हुकली, तर प्रयोगशाळा विभागातल्या बॅटरी-संशोधनवाल्यांच्या घशात जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

ती मात्र दुसरीकडेच बघत होती. टाकीतला दाब जरा जास्त होता. टाकीला वळसा घालून ती मागे गेली, वाकली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"सर, दुसऱ्या पंपाची झडप बंद आहे."

"बरं, मग?"

"मग काय! दुरुस्तीनंतर कुणी उघडलीच नाही. टाकीत वायू साचलाय. इंजिन स्वतःच टाकलेला वायू परत ओढून घेतंय. फुकटचं इंधन! वर अवकाशात कोण देणार त्याला?"

"किती फरक पडेल?"

"चार-पाचचा."

सरांनी मनातल्या मनात केलेली वजाबाकी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण काय मुद्दाम बंद केलीय? राहिली. राहू दे. एकदा जागा पदरात पडू दे, मग वाढवशीलच की तू रेटा."

"मूठ वर गेल्यावर उघडेल, सर. तेव्हा उपग्रह खाली घसरत असेल."

"तुझं हे नेहमीचंच. विद्यार्थिनी होतीस तेव्हाही भर तोंडी परीक्षेत परीक्षकाची चूक काढलीस."

"आणि तुम्ही टेबलाखाली टाळी वाजवलीत."

सर काही बोलणार, इतक्यात दार उघडलं. समितीच्या अध्यक्षा आणि मागोमाग दोन सभासद आत आले.

"वा, तेवीस!" पडद्याकडे बघत अध्यक्षा म्हणाल्या.

"या, या!" म्हणत सर नेमके तिच्या आणि झडपेच्या मध्ये येऊन उभे राहिले. एरवी टाकीच्या मागच्या बाजूला ते कधी फिरकत नसत.

तिला एकदम सगळ्याचाच वीट आला.

"सर, सरका," ती म्हणाली आणि त्यांच्या कोपराखालून हात घालून तिनं झडपेचं चाक फिरवलं.

बावीस. एकवीस. एकोणीस. आकडा अठरावर येऊन थांबला.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा खरा," ती म्हणाली. "मघाचा नव्हे."

सर तरातरा टाकीच्या काचेच्या खिडकीपाशी गेले. आत बघत राहिले. भोवतीचं निळसर धुकं विरून गेलं होतं आणि इंजिनातून एकच निळा झोत निघत होता, सुईसारखा.

"सरळ निघतोय गं आता," सर चिडूनच म्हणाले.